स्टोरेज सर्व्हरवर एकावेळी किती जण? कनेक्शनला मर्यादा घालतानाचा माझा अनुभव

विंडोजच्या डेस्कटॉप आवृत्तीवर फोल्डर शेअर केला की एकावेळी २० पेक्षा जास्त मशिन त्याला जोडता येत नाहीत. विंडोज ७ पासून हा आकडा आहे, एक्सपी प्रोफेशनलमध्ये तो १० होता. आमच्या व्हिडिओ एडिटिंगच्या टीमचं सगळं फूटेज बरीच वर्षं अशाच एका मशिनवर होतं. टीम वाढत गेली तसा "आणखी कनेक्शन देता येत नाही" हा संदेश रोजचाच झाला, म्हणून आम्ही लिनक्स आणि सांबावर (विंडोजच्या एसएमबी पद्धतीने फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) आलो. सांबामध्ये मॅक्स कनेक्शन्स या सेटिंगची मूळ किंमत शून्य असते आणि शून्याचा अर्थ मर्यादाच नाही असा होतो. सगळे जोडले गेले, आणि मग सगळ्यांचंच काम अडखळायला लागलं. टाइमलाइन पुढे सरकायची नाही, फाइल सेव्ह होता होता थांबायची.

याचं कारण हार्ड डिस्कच्या रचनेत आहे. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्यांची) डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते, म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद लागतात. त्याआधी हेड त्या पट्ट्यावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद जातात. एकच जण सलग मोठी फाइल वाचत असेल तर ही हालचाल क्वचितच करावी लागते, आणि एक गिगाबिटचं नेटवर्क एकटी डिस्कसुद्धा भरून टाकते. पण पंधरा जण पंधरा वेगळ्या फाइली वाचू लागले की हेड सतत इकडून तिकडे धावतं आणि सेकंदाला ऐंशीच्या आसपासच वाचनं होतात. चार डिस्क लावल्या तरी हिशेब चौपटीच्या पुढे फारसा जात नाही. आठ जणांचं काम नीट चालणं हे पंधरा जणांनी ताटकळण्यापेक्षा चांगलं, यावर टीममध्ये एकमत झालं आणि मर्यादा घालायचं काम माझ्याकडे आलं.

आकडा ठरवण्याआधी आत्ता कोण कोण जोडलेलं आहे ते पाहणं भाग होतं. त्यासाठी सांबासोबतच एसएमबीस्टेटस ही कमांड येते. सांबा प्रत्येक क्लायंटसाठी वेगळी एसएमबीडी प्रोसेस सुरू करतं, आणि ही कमांड त्या प्रत्येक प्रोसेसचा क्रमांक, युजर, मशिन आणि उघडलेले शेअर दाखवते. यादी माणसांपेक्षा कितीतरी लांब होती. काही ओळी आयपीसी-डॉलर या अंतर्गत शेअरच्या होत्या. अशा ओळी सर्व्हरला शेअरची यादी विचारण्यासारख्या कामांसाठी असतात, त्यामुळे वापरणाऱ्यांत मोजायच्या नाहीत. काही ठिकाणी एकाच माणसाचा लॅपटॉप, डेस्कटॉप आणि फोन तिन्ही जोडलेले होते. बऱ्याच ओळींमागे तर कोणीच नव्हतं, कारण त्या मशिन झाकण मिटून पिशवीत गेलेल्या होत्या.

या शेवटच्या प्रकाराकडे मी सर्वांत जास्त लक्ष दिलं, आणि मर्यादा घालणाऱ्या प्रत्येकाने द्यावं असं मनापासून वाटतं. लॅपटॉप निरोप न घेता नेटवर्कवरून गेला तर सर्व्हरला ते कळायला काही मार्ग नसतो. तो टीसीपीच्या कीपअलाइव्हवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवरून होणाऱ्या "अजून आहेस का" या विचारणेवर विसंबतो आणि लिनक्समध्ये त्याची मूळ वेळ ७२०० सेकंद आहे. दोन तास काहीच हालचाल नसेल तेव्हा पहिली विचारणा जाते. मग ७५ सेकंदांच्या अंतराने एकूण नऊ विचारणा होतात आणि त्यानंतर कनेक्शन मेलं असं धरलं जातं. म्हणजे निघून गेलेला माणूस दोन तास अकरा मिनिटं जागा अडवून बसतो. मर्यादा नसताना याने कुणाचं बिघडत नाही. आठ जागाच असतील तर मात्र तीन जागा अशा भुतांनी धरल्यावर जिवंत माणसं बाहेर उभी राहतात.

म्हणून आधी सफाई केली. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली कीपअलाइव्हची वेळ ३०० सेकंदांवर आणली आणि विचारणांमधलं अंतरही कमी केलं. मग सांबामधलं डेडटाइम हे सेटिंग पाहिलं. ते मिनिटांत असतं आणि मूळ किंमत १०,०८० आहे, म्हणजे पूर्ण आठवडा. इतका वेळ निष्क्रिय असलेलं कनेक्शन सांबा तोडतं, पण त्यावर एकही फाइल उघडी नसेल तरच, त्यामुळे अर्धवट काम बुडण्याची भीती नसते. क्लायंट पुन्हा फोल्डरला हात लावताच आपोआप जोडला जातो, सहसा वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मर्यादा असली की मात्र एक बारीक फरक पडतो. परत येईपर्यंत ती जागा दुसऱ्याने घेतलेली असू शकते. म्हणून डेडटाइम फार कमी ठेवला नाही, साठ मिनिटं ठेवला. थोड्या वेळासाठी उठून गेलेल्या माणसाची जागा जाऊ नये.

मर्यादा दोन ठिकाणी घालता येते. मॅक्स एसएमबीडी प्रोसेसेस हे सेटिंग पूर्ण सर्व्हरचं आहे, आणि मॅक्स कनेक्शन्स प्रत्येक शेअरचं. पहिल्याने सर्व्हरची मेमरी वाचते, पण कोण कशासाठी आलंय याचा विचार तिथे नसतो. नुसतं प्रिव्ह्यू बघायला आलेला माणूस एडिटरची जागा खाऊ शकतो. मी ते बरंच वरचं, केवळ सुरक्षेसाठी ठेवलं आणि खरं काम शेअरच्या पातळीवर केलं. एडिटिंगच्या शेअरला आठची मर्यादा घातली. प्रॉक्सी फाइलींचा, म्हणजे फूटेजच्या हलक्या प्रतींचा वेगळा शेअर फक्त वाचण्यासाठी आणि विनामर्यादा ठेवला, कारण निम्म्याहून जास्त लोकांना तेवढंच पुरतं.

बॅकअपचा प्रश्न राहिला. रात्री बॅकअपचं मशिन येईल तेव्हा आठही जागा भरलेल्या असतील तर त्या दिवसाचा बॅकअप होणारच नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. मूळ फूटेज पुन्हा चित्रित करता येत नाही, त्यामुळे ही शक्यता मला मान्य नव्हती. उपाय सोपा निघाला. त्याच फोल्डरवर दुसऱ्या नावाने शेअर केला, तो फक्त बॅकअपच्या युजरला उघडा ठेवला आणि त्याला मर्यादा घातली नाही. दोन शेअरमधून एकच फाइल उघडली तर लॉकचा (दोघांनी एकदम फाइल बदलू नये म्हणून लागणाऱ्या कुलपाचा) गोंधळ होईल का, अशी शंका होती. तसं होत नाही, कारण सांबा लॉकची नोंद शेअरच्या नावाने ठेवत नाही, डिस्कवरच्या फाइलच्या ओळखीने ठेवतं.

सांबासोबतच्याच टेस्टपार्मने कॉन्फिग फाइल तपासली, एसएमबीकंट्रोलने सेटिंग्ज रिलोड केल्या आणि एसएमबीक्लायंटने एका मशिनवरून एकामागून एक सत्रं उघडत गेलो. आठच्या पुढचं सत्र नाकारलं गेलं. रिलोड केल्याने आधीची कनेक्शनं तुटत नाहीत, मर्यादा नव्याने येणाऱ्यालाच लागते. तेव्हा हे काम भर दुपारीसुद्धा करता येतं.

नाकारलं गेल्यावर विंडोजवर दिसणारा संदेश मात्र फसवा आहे. "सिस्टिमकडे पुरेशी साधनं नाहीत" अशा अर्थाचं वाक्य येतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की आपल्याच मशिनची मेमरी संपली. ते वाक्य बदलणं माझ्या हातात नव्हतं. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, ती दर काही मिनिटांनी एडिटिंगच्या शेअरवर कोण आहे याची यादी प्रॉक्सीच्या शेअरमध्ये साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवते. आता जागा नसली की लोक ती फाइल उघडतात आणि ज्याचं काम झालंय त्यालाच थेट विचारतात. संपूर्ण कामात टीमला सर्वांत जास्त उपयोग या फाइलचा झाला.

फायरवॉलमधून हे करता येईल का, तेही तपासलं. लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलमध्ये कनलिमिट नावाचं मॉड्यूल आहे, सांबाच्या ४४५ या पोर्टवर येणारी नवी कनेक्शनं त्याने मोजून अडवता येतात. तसं करायचं झालं तर पॅकेट गुपचूप टाकून देऊ नये, रीसेटचं, म्हणजे कनेक्शन नाकारल्याचं उत्तर पाठवावं. नाहीतर क्लायंट उत्तराची वाट बघत लटकून राहतो. पण फायरवॉलला टीसीपी कनेक्शन दिसतं, माणूस किंवा शेअर दिसत नाही. सांबा ४.१५ पासून मल्टिचॅनल (एकाच मशिनला अनेक कनेक्शनं वापरू देणारी सोय) मूळातच चालू असतं, म्हणजे दोन नेटवर्क कार्डांचं एक मशिन सरळ अनेक कनेक्शनं उघडतं. चार जण आले तरी मोजणी दहावर जाऊ शकते. हा मार्ग मी सोडून दिला.

आमच्या रेंडरिंगच्या (अंतिम व्हिडिओ तयार करणाऱ्या) मशिन लिनक्सवर आहेत आणि त्या एनएफएसने, म्हणजे लिनक्समध्ये रूढ असलेल्या फोल्डर शेअर करण्याच्या पद्धतीने जोडल्या जातात. तिथेही मर्यादा घालायचा विचार होता, पण एनएफएसचा स्वभावच उलटा आहे. सांबा मर्यादा भरली की नव्याने येणाऱ्याला परत पाठवतं. लिनक्सच्या जुन्या कर्नलमधला एनएफएस सर्व्हर नव्याला आत घेतो आणि सर्वांत जुनं कनेक्शन तोडतो. मर्यादा ठरवून दिलेली नसेल तर तो थ्रेडच्या (विनंत्या हाताळणाऱ्या समांतर धाग्यांच्या) संख्येत तीन मिळवून वीसने गुणतो. आठ थ्रेड असतील तर २२० कनेक्शनं. जुनं तुटलेलं क्लायंट लगेच पुन्हा जोडलं जातं आणि आणखी कुणाला तरी बाहेर ढकलतं. आकडा कमी ठेवला तर हा खेळ थांबतच नाही. त्यात लिनक्स ५.३ पासून एनकनेक्ट हा माउंटचा, म्हणजे फोल्डर जोडून घेतानाचा पर्याय आहे, त्याने एकच मशिन १६ पर्यंत कनेक्शनं उघडतं. म्हणून एनएफएसवर कनेक्शनची मर्यादा घातलीच नाही. एका वेळी किती रेंडर चालावेत हे रेंडरच्या रांगेतच ठरवलं आणि सर्व्हरचे थ्रेड थोडे वाढवले.

एक मोठी कॉपी एकटीच नेटवर्क भरून टाकू शकते, आणि त्यावर या मर्यादेचा काही उपाय नाही, कारण ती डोकी मोजते, भार मोजत नाही. कार्डवरचं फूटेज सर्व्हरवर चढवणाऱ्या मशिनचा वेग स्विचवर कसा बांधायचा, ते काम सध्या हातात आहे.