दोन नंबर, तीन नंबर

एडिनबरोतल्या ज्या व्हिस्कीच्या दुकानात मी काम करते, तिथे हिवाळ्यात दर गुरुवारी संध्याकाळी चाखण्याची बैठक असते. त्या गुरुवारी आठ जण आले होते आणि विषय होता स्कॉटलंडच्या इस्ले बेटावरच्या व्हिस्कीतला धूर. लिहितात इस्ले, म्हणतात आयला. बाटल्या तपकिरी कागदात गुंडाळून मी वर आकडे घातले होते. एक नंबर बुनाहाव्हन, जवळपास बिनधुराची. चार नंबर सोळा वर्षांची लागावुलिन. मधल्या दोघी कल-ईला बारा आणि आर्डबेग दहा. दोन्ही फिकट गवती रंगाच्या, नुसत्या डोळ्यांना फरक न कळणाऱ्या.

सगळ्यांचं चाखून झालं आणि मी वहीतून नावं वाचली : दोन नंबर कल-ईला, तीन नंबर आर्डबेग. वर माहितीही दिली, की कल-ईलाच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूत, धुराचा वास देणारी फिनॉल्स ३५ पीपीएमच्या (दहा लाखांत ३५ भागांच्या) आसपास असतात, आर्डबेगच्या ५५. लगेच माना डोलल्या. हो, तीनमध्ये धूर जास्तच आहे. मलाही तो जास्त लागला.

टोकाच्या खुर्चीवर बसलेले आजोबा तेवढे गप्प होते. त्यांनी दोनचा ग्लास पुन्हा नाकाशी नेला, मग तीनचा, मग पुन्हा दोनचा. घाई अजिबात नाही.

"उलटं झालंय, पोरी," ते म्हणाले.

मी पीपीएमचा आकडा पुन्हा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कळलं, की उमेदीची वर्षं त्यांनी इस्लेवरच्या पोर्ट एलनच्या माल्टिंगमध्ये, म्हणजे माल्टच्या कारखान्यात, काढली होती. १९७३ साली सुरू झालेला हा कारखाना. मोड आलेला सातू तिथे ओला असतानाच पीटच्या, म्हणजे दलदलीतून काढलेल्या जळाऊ मातीच्या, धुरावर धरतात, कारण धूर ओल्या दाण्यालाच नीट चिकटतो. ते म्हणाले, "या दोन्हींचा माल्ट आमच्याच भट्टीतून जायचा. तुझा आकडा दाण्याचा आहे, बाटलीचा नाही."

इतकी वर्षं हे वाक्य मीच लोकांना सांगत आले होते आणि त्या संध्याकाळी मीच विसरले. धुराची जड द्रव्यं ऊर्ध्वपातनात उशिरा उतरतात. डिस्टिलरी धार कुठे तोडते, म्हणजे उतरणारी दारू कुठवर घेते, पात्राचा आकार कसा आहे, यावर त्यातलं किती बाटलीत पोचणार ते ठरतं. आर्डबेगच्या पात्राला तर जड वाफ गार करून परत आत सोडणारी नळी आहे. म्हणून एवढ्या धुरातही तिच्यात लिंबाचा गोडवा टिकतो. कल-ईला कोरडी, विझलेल्या शेगडीच्या राखेसारखी.

आजोबांनी ड्रॉपर मागितला. दोन्ही ग्लासांत थोडं थोडं पाणी घातलं, मग घोटभर आणखी, आणि दोन्ही दिव्यासमोर धरले. तीन नंबर नितळच राहिली. दोन नंबरमध्ये आधी धाग्यासारख्या रेघा फिरल्या, मग सगळाच ग्लास धुकट झाला. आर्डबेग ४६ टक्के अल्कोहोलवर, गार करून न गाळता भरतात. पाणी वाढलं की तिच्यातली तेलकट द्रव्यं विरघळलेली राहत नाहीत. ४३ टक्क्यांची कल-ईला आधीच गार करून गाळलेली असते.

मी दोन नंबरच्या बाटलीचा कागद फाडला. हिरवी काच, आर्डबेग. आकडे घालताना चूक माझ्याच हातून झाली होती. आठही जणांची मी माफी मागितली, ग्लास पुन्हा भरले आणि या वेळी आधी काही सांगितलं नाही. "मग मघाशी मला तीनमध्ये धूर जास्त का लागला?" एका मुलीने विचारलं. मी सांगितलं म्हणून. तिला हेच उत्तर दिलं आणि ते देताना वाईट वाटलं.

निघताना आजोबा म्हणाले, "ते दोन ग्लास आज धुऊ नकोस. रिकामा ग्लास सकाळी खरं बोलतो."

सकाळी दुकान उघडलं तेव्हा सात वाजले होते, बाहेर अजून काळोख होता. दिवा न लावता, चिठ्ठ्या काढून टाकून, दोन्ही ग्लासांच्या जागा मी बऱ्याच वेळा बदलल्या. मग एक उचलला. तळाशी वाळलेल्या थेंबाला गार राखेचा वास होता, मागे गोडवा नाही. कल-ईला. दुसऱ्यात काजळी, डांबर, आणि त्याखाली अगदी बारीक, लिंबाची साल.