टिप्याची गरगर

सर्वपित्री अमावास्येला तीन दिवस होते. सकाळी आठच्या सुमारास काकींचा फोन आला. "बाय, बेगीन ये गो. टिप्या रात्रीपासून गरगर फिरता हा. लोक काठये घेवन इलेहत."

काठ्यांचं ऐकलं आणि चहा तसाच टाकून स्कूटर काढली. मालवणहून कोळंबचा पूल ओलांडून आचऱ्याच्या रस्त्याला लागलं की काकींचं गाव वीसेक मिनिटांवर. त्या वीस मिनिटांत डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, टिप्याला रेबीजची लस शेवटची कधी टोचली? मी पशुवैद्यक, टोचली मीच होती. पण गेल्या वर्षी, की त्याच्याही आधी?

घर गाठलं तेव्हा गडग्यापलीकडे पंधरा-वीस माणसं उभी होती. आत खळ्यात टिप्या एकटा. अकरा वर्षांचा तांबूस गावठी कुत्रा, वजन पंधरा किलो. मान डावीकडे कललेली, पाय फाकलेले, आणि डावीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे. मध्येच तोल जाऊन पडायचा, उठायचा की परत तेच. पावसाच्या शेवाळावर त्याच्या नखांचे ओरखडे उमटले होते.

निदानं माझ्या आधीच झाली होती. शेजारचा एकजण ठामपणे म्हणाला, "पिसाळलो तो. आता कोणाक तरी चावतलो." दुसऱ्याच्या मते रात्री फुरसं चावलं असणार. एका म्हाताऱ्यांचं म्हणणं वेगळंच. पितृपक्ष चालू आहे, या घरचा म्हाळ अजून व्हायचा आहे, कुत्रा कोणासाठी फेऱ्या घालतोय ते ज्याचं त्याने समजावं. काकी पडवीत डोक्याला हात लावून बसल्या होत्या. मला पाहून एवढंच म्हणाल्या, "त्येका मारूक देव नको."

मारण्याचा विषय निघाला की माझ्या पोटात गोळा येतो, त्याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी दुसऱ्या एका गावात अशीच एक कुत्री गोल फिरत होती. "रेबीज असू शकतो ना?" असं विचारलं आणि मी "असू शकतो" म्हटलं. उत्तर चुकीचं नव्हतं. पण ते पुरं व्हायच्या आत काठ्या पडल्या. नंतर पाहिलं तर तिच्या उजव्या कानातून पू वाहत होता, आणि ती उजवीकडेच फिरत होती. मेंदू तपासायला पाठवायला हवा होता, तेवढंही माझ्याकडून झालं नाही. त्यामुळे ती खरोखर कशाने फिरत होती, हे आता कधीच कळणार नाही.

म्हणून त्या दिवशी आधी सगळ्यांना गडग्याबाहेर थोपवलं, हातमोजे चढवले, आणि दहा मिनिटं टिप्याला हात न लावता नुसतं पाहत बसले.

कुत्रा गोल फिरतो म्हणजे त्याला अमुक झालंय, असं काही नसतं. तापाने जसं काहीही असू शकतं तसंच हे. गोल केवढा आहे, कुठल्या बाजूला आहे, फिरताना कुत्रा शुद्धीवर आहे का, हे बघावं लागतं. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ किंवा सूज असेल तर बहुतेकदा मोठमोठे गोल होतात आणि कुत्रा हरवल्यासारखा चालत राहतो. म्हातारपणी बुद्धी मंदावलेली कुत्रीही घरभर फिरतात, कोपऱ्यात शिरून अडकतात, पण त्यांची मान वाकडी नसते. मान कललेली, गोल लहान आणि तोल जातोय, म्हटल्यावर संशय जातो कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवर.

गडग्यावर रापणीला जाणारे एक काका टेकले होते. त्यांनी विचारलं, कानाचा आणि फिरण्याचा काय संबंध? मी त्यांना होडीचंच सांगितलं. दोन्ही कानांच्या आत अर्धगोल नळ्या असतात, एकेका बाजूला तीन. कुत्रा गप्प उभा असला तरी दोन्हीकडून मेंदूला सारखा निरोप जात असतो, दोन्ही बाजूंनी वल्हं मारल्यासारखा. डावीकडचं वल्हं थांबलं तर...? मी वाक्य पुरं करायच्या आत काकांनीच हाताने होडी डावीकडे वळवून दाखवली. ज्या बाजूचं वल्हं मेलं, त्या बाजूला होडी फिरते. कान ज्या बाजूचा बिघडला, त्या बाजूला कुत्रा फिरतो.

खरं सांगायचं तर मी आशा धरून होते ती याचीच. म्हाताऱ्या कुत्र्यांना एकाएकी असा झटका येतो, कारण बहुतेकदा सापडत नाही, पाहणाऱ्याला वाटतं आता हा जगत नाही, आणि दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागून दोन-तीन आठवड्यांत तो आपोआप हिंडूफिरू लागतो. टिप्याचं वय त्यात बसत होतं. सगळं त्यात बसत होतं.

डोळे सोडून.

तोंडाला पट्टी बांधून काकींच्या नातवाला त्याचं अंग धरायला लावलं आणि बुबुळं पाहिली. कानाचा दोष असेल तर बुबुळं आडवी थरथरतात, नाहीतर गोलाकार. टिप्याची वरखाली नाचत होती. उताणं केल्यावर तर जास्तच. मग पुढचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला. धड कुत्रा तो त्याच क्षणी सरळ करतो. टिप्याने तसाच ठेवला, दोन-तीन सेकंद. दोन्ही कान आतपर्यंत तपासले, स्वच्छ. ताप नाही. कुठे दाताची खूण नाही, सूज नाही, हिरड्यांतून रक्त नाही, म्हणजे फुरशाचाही प्रश्न मिटला. आणि त्याचा गोल मी म्हटलं तसा नेटका नव्हताच. चार फेऱ्या डावीकडे मारून एकदा तो उजवीकडेही कलंडला होता.

म्हणजे वल्ही शाबूत होती. बिघडला होता तांडेल, होडी हाकणारा.

मेंदूच्या मागच्या भागात काहीतरी होतं. काय, ते शोधायला एमआरआय लागतो, आणि त्यासाठी असल्या कुत्र्याला गाडीत घालून मुंबई-पुण्याच्या वाटेला लावणं काकींना परवडणारं नव्हतं, त्यालाही झेपणारं नव्हतं. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना आमचे सर म्हणायचे, कारण कळत नसेल तर निदान सगळ्यात घातक कारण आधी हिशोबात धरा. मेंदू बिघडलेला, लसीची तारीख उलटून गेलेली (काकींनी कार्ड आणून दिलं, तीन वर्षं झाली होती), किनाऱ्यावर मोकाट कुत्र्यांत हिंडणारा जीव. घातक कारण कुठलं ते गडग्यावरच्या माणसांनी सकाळीच सांगितलं होतं.

नातवाने पाण्याचं भांडं पुढे केलं. टिप्या धडपडत का होईना, पण प्यायला. लगेच गडग्यावरून आवाज आला, "पाणी पियालो! म्हणजे पिसाळलो नाय." हा समज आमच्याकडे फार खोल रुजलेला आहे. पाण्याची भीती रेबीज झालेल्या माणसाला वाटते. कुत्र्याला ती वाटत नाही, पिसाळलेला कुत्राही पाण्याकडे जातो. जिवंत कुत्र्यात रेबीज नाही असं छातीठोक सांगेल अशी तपासणी नाही. खात्री होते ती मेल्यावर मेंदू तपासून, नाहीतर दहा दिवस वाट पाहून. म्हणून ठरवलं, टिप्याला रिकाम्या गोठ्यात बांधायचं, दार लावायचं, दहा दिवस माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

मग विचारलं, गेल्या काही दिवसांत याची लाळ कोणाला लागली का?

काकींनी उजवा हात पुढे केला. तर्जनीवर चीर होती, दोन दिवसांपूर्वी आडाळ्यावर नारळ खवताना लागलेली. "माझ्याच हातचा खाता मां तो." उघड्या जखमेवर लाळ म्हणजे चावण्याच्याच तोलाची गोष्ट. मी तिथल्या तिथे बोट साबणाने धुवायला लावलं, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, आणि नातवाला सांगितलं, आजीला आत्ताच्या आत्ता ग्रामीण रुग्णालयात ने, लस सुरू करायची आहे, आणि जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) मागून घे.

काकी हात पुसत उठल्या. "जातंय. पण थांब वायच, त्येका गोळी देतंय आणि मग जातंय. टायम झालो."

"कसली गोळी?"

आल्यापासून मी तीनदा विचारलं होतं, काही औषध चालू आहे का, शेतात काही फवारलंय का, उंदरांचं काही ठेवलंय का. तिन्ही वेळा "नाय" असं उत्तर मिळालं होतं.

"औषध नाय गो कसला. तुझीच ती गोळी."

घावण्याच्या तुकड्यात गूळ, गुळात गोळी. कडू जहर असते ना ती, गुळाशिवाय तो घेत नाही, असं त्या कौतुकाने सांगत होत्या. मी पाकीट मागितलं. मेट्रोनिडाझोल, 400 मिलिग्रॅम. फळीवर अशी रिकामी पाकिटं सुतळीत नीट बांधून ठेवलेली होती. मोजली, हिशोब लावला. अठरा दिवस, दिवसाला तीन.

आणि मग मला आठवलं. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचा फोन. घरात गणपती, पाहुण्यांचा गोंधळ, माझ्या एका हातात झारा. टिप्याने तिखटाचं उरलंसुरलं खाऊन ढाळ लावून घेतली होती. मी फोनवरच सांगितलं होतं की मेट्रोनिडाझोल 200 ची गोळी सकाळ-संध्याकाळ द्या, पाच दिवस. लिहून दिलं नाही, दुकानात कळवलं नाही, पाच दिवसांनी विचारलंही नाही. दुकानात 200 ची नव्हती, म्हणून 400 ची दिली गेली, "अर्धी करा" असं म्हणून. ते अर्धं घरी पोचेपर्यंत वाटेत सांडलं. माणसाला तीनदा देतात म्हणून यालाही तीनदा. आणि थांबवायची का नाही? "बंद केला काय परत लागता." परत लागणारच, रोज दुपारी माशाची कुटं त्याच्याच पानात पडत होती.

दिवसाला 1200 मिलिग्रॅम, वजन पंधरा किलो. किलोमागे 80. या औषधाने कुत्र्याचा मेंदू बिघडल्याची उदाहरणं किलोमागे रोज 60 च्या वर गेलं की दिसायला लागतात, आणि ती दिसतात ती अशीच: दारू प्यायल्यासारखी चाल, वरखाली नाचणारी बुबुळं. पुस्तकात वाचलेलं सगळं माझ्यासमोर खळ्यात पडत-उठत होतं आणि मी पितर, फुरसं, रेबीज असं सगळीकडे फिरून आले होते. गोल मीही घातलाच.

काकींना काय सांगावं कळेना. शेवटी म्हटलं, "काकी, चूक माझी झाली." त्यांना ते पटलं नाही. "तू सांगलंस ता बराच सांगलंस. आमीच बावळट." आणि घावण्याचा तुकडा त्यांनी चुलीत टाकला.

यावर उतारा असा नाही. औषध बंद करायचं आणि ते अंगातून जाण्याची वाट पाहायची, त्याला दहा-बारा दिवस लागू शकतात. पण 2003 मध्ये अमेरिकेतल्या काही पशुवैद्यकांनी अशा 21 कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांना डायझेपाम दिलं होतं ती सरासरी दीड-दोन दिवसांत सावरली होती. माझ्या पेटीत डायझेपामचं इंजेक्शन होतं, फिट आलेल्या जनावरांसाठी ठेवलेलं. ते दिलं, पुढच्या तीन दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. या वेळी कागदावर, मोठ्या अक्षरात, आणि नातवाकडून मोठ्याने वाचून घेतल्या.

काकींना रुग्णालयात मात्र पाठवलंच. नातू म्हणाला, आता कारण कळलंय, मग लस कशाला? पण कुत्रा बरा होईपर्यंत माझं कारण हा अंदाजच होता, आणि रेबीजच्या बाबतीत अंदाज चुकला तर दुसरी संधी नसते. शेजाऱ्याच्या रिक्षातून काकी एकट्याच गेल्या, नातवाला टिप्यापाशी ठेवून.

दुपारभर मी गोठ्याच्या दाराशी बसून होते. नातवाला गप्प बसवेना. त्याने मोबाईलवर कुठेतरी पाहिलं होतं की कुत्रे शी करताना दिशा बघून फिरतात, ते खरं का? त्यावर खरोखर अभ्यास झालाय, हे मी सांगितल्यावर तो हसायलाच लागला. चेक आणि जर्मन संशोधकांनी 70 कुत्र्यांच्या मागे दोन वर्षं होकायंत्र घेऊन नोंदी केल्या आणि 2013 मध्ये छापल्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्र्यांचा कल उत्तर-दक्षिण उभं राहण्याकडे दिसला. 2014 मध्ये त्यांना त्याबद्दल इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. निजण्याआधी कुत्रा दोन फेऱ्या मारतो, त्याचं कारण लांडग्याच्या काळातली गवत तुडवून जागा करायची सवय असावी, असं मानतात. नातवाने लगेच फोनमधलं होकायंत्र काढून गोठ्याची दिशा बघितली. टिप्या तेव्हा नैर्ऋत्येला तोंड करून घोरत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तेव्हा तो उभा होता. मान अजून थोडी कललेली, पण बुबुळं स्थिर. पंजा उलटा केला तर लगेच सरळ केला, वर माझ्याकडे चिडून पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो गोठ्याच्या दाराशी सरळ रेषेत चालत आला. गडग्यावर कोणीच नव्हतं. बऱ्या झालेल्या कुत्र्याला पाहायला गर्दी जमत नाही.

अमावास्येला काकींनी म्हाळ घातला. कावळ्याचं, गाईचं, कुत्र्याचं पान काढलं. कुत्र्याचं पान गोठ्यात गेलं, वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी, सगळं. दाराच्या फटीतून सरकवलं म्हणे, म्हणजे माझा नियम मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला.

"बाय, टिप्याक परत ढाळ लागली हा. ती गोळी देव काय?"

"काकी, काही देऊ नका. निघाले मी."