मडकं वाजवून घेतलेली बोट

साउदॅम्प्टनला आमच्याकडे बारा वर्षं उघड्या कॉकपिटची छोटी शिडाची बोट होती. तिथल्या सॉलेंट सामुद्रधुनीच्या पावसात दोन तास सुकाणू धरलं की बोटं आखडायची. हिला संधिवात झाला आणि हळूहळू तिचं येणंच थांबलं. मला एकट्याने जायचं नव्हतं. म्हणून व्हीलहाउसवाली, काचबंद खोलीत बसून चालवता येईल अशी जुनी बोट शोधायला लागलो.

पहिली मनात भरली ती 25 फुटी फिशर. या बोटी चिचेस्टरजवळ इचनॉरला बनत. उत्तर समुद्रातल्या मच्छीमार बोटींच्या वळणाच्या, वजनदार, भक्कम. पण व्हीलहाउसच्या खिडकीखालच्या लाकडावर अंगठा दाबला तर तो भिजलेल्या भाकरीत जावा तसा आत गेला. मालक म्हणाले, किरकोळ आहे. किरकोळ नसतं ते. मोठ्या काचा, त्यांचं जुनं रबर आणि तिथून वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी, या जातीच्या बोटीत आधी हेच बघायचं. ती सोडून दिली. जीव तुटला.

दुसरी मिळाली डॅनिश एलएम 27, 1978 ची. तिची कंपनी मुळात फर्निचर बनवणारी, मग फायबरच्या बोटींकडे वळलेली. आमची बोट बनली त्याच वर्षी ती कंपनी पवनचक्कीची पाती करू लागली आणि पुढे त्यातच जगभर नावाजली. फायबरमधला तो हात बोटीला लागलाय, हे मला फार आवडलं.

भाव ठरला, 'सर्व्हे (म्हणजे तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी) समाधानकारक झाला तरच' अशी अट लिहून घेतली आणि दहा टक्के अनामत दिली. बोट पाण्याबाहेर काढायचा आणि सर्व्हेचा खर्च आमच्याकडे होता. तो वाचवायला जाऊ नका.

सर्व्हेयर बाईंनी छोट्या हातोडीने अख्खी बोट वाजवली, आपण मडकं वाजवून घेतो तशी. टण, टण, टण. कठड्याच्या एका खांबापाशी मात्र थप्प. त्यांनी तिथे खडूने गोल काढला, ओल मोजायचं यंत्र टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं: डेकच्या आतला थर भिजला होता. मग तळाच्या एका पितळी व्हॉल्व्हवर नखाने खरवडून गुलाबी झालेला धातू दाखवला. खाऱ्या पाण्याने त्यातलं जस्त गेलं होतं. असा व्हॉल्व्ह तुटला तर बोट बुडू शकते. डोलकाठीच्या ताराही जुन्या निघाल्या. त्या बदलल्याशिवाय विमा कंपनी डोलकाठीचा विमा उतरवेना. इंजिन मात्र गेल्या गेल्या हात लावून बघितलं होतं. गार होतं आणि पहिल्या फटक्यात सुरू झालं. सुरू व्हायची अडचण लपवायला मालकांनी ते आधीच तापवून ठेवलं नव्हतं, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसला.

अहवाल समोर ठेवून बोललो, त्यांनी अठराशे पौंड सोडले. विक्रीखतावर 64 पैकी 64 हिस्से माझ्या नावावर लिहिले गेले. ब्रिटिश कायद्यात नोंदणीकृत जहाजाचे 64 हिस्से धरतात, सत्तावीस फुटी बोटीचेसुद्धा.

पहिल्या फेरीला पाऊस होताच. आतून शीड नीट दिसत नाही, म्हणून मी सारखा बाहेर डोकावत होतो. हिने हातमोजे काढून काचेखाली ठेवले, चाक हातात घेतलं आणि समोरच्या बेटावरचं काउज बंदर येईपर्यंत सोडलं नाही.