मनगट सोडवण्याचा डाव

"पण ताई, तो मला ओढणार नाही का?" आज संध्याकाळी स्वसंरक्षणाच्या वर्गात एका शाळकरी मुलीने असे विचारले आणि तिचे मनगट धरून उभा असलेला सहायक प्रशिक्षिकेकडे पाहू लागला.

प्रश्न बिनतोड होता. धरणारा स्थिर असेल, तर त्याचा अंगठा आणि बोटे यांच्यातील फटीच्या दिशेने मनगट फिरवले की पकड सुटते. ओढणाऱ्या माणसासमोर मात्र आधी स्वतःचा तोल सांभाळावा लागतो, आणि ती सवय नुसत्या पवित्र्यांनी लागत नाही.

मला स्वतःला कोल्हापूरचा मर्दानी खेळ सर्वांत प्रिय आहे. दांडपट्टा फिरू लागला की नजर हटत नाही. तरीही रस्त्यावरच्या झटापटीसाठी मी ज्युदोलाच कौल देईन. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान या ज्युदोच्या शाळेची स्थापना केली. जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेतील घातक डाव त्यांनी मुक्त सरावातून वगळले, आणि त्यामुळेच उरलेले डाव विरोध करणाऱ्या जोडीदारावर पूर्ण ताकदीने घोटता येऊ लागले. शिवाय तेथे सुरुवातीलाच नीट पडायला शिकवतात, जे पावसाळ्यात शेवाळलेल्या जिन्यावरही उपयोगी पडते.

आपल्याकडच्या किती वर्गांत जोडीदाराला मनापासून विरोध करायला सांगतात?