लाल कार्ड, तपकिरी डबा आणि आमचं निर्माल्य

मंगळवारी सकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली. शेजारच्या इमारतीचा ओल्या कचऱ्याचा तपकिरी डबा रिकामा झाला, आमचा भरलेलाच राहिला. मुठीला लाल कार्ड लटकत होतं: आत चुकीचा कचरा आहे, निवडून ठेवा, पुढच्या फेरीला नेऊ. पुढची फेरी दोन आठवड्यांनी.

आमच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं आणि डबा एकच. पण चूक कुणाची हे विचारायची गरजच नव्हती. सगळ्यांत वर झेंडूची फुलं होती, दुर्वा म्हणून बागेतून निवडून आणलेलं गवत होतं आणि नैवेद्याचं केळीचं पान होतं. जर्मनीतल्या स्टुटगार्टजवळच्या या गावात असा कचरा दुसऱ्या कुणाच्या घरातून येणार?

मी खाली पोचले तेव्हा तळमजल्यावरच्या आजी रबरी हातमोजे घालून डब्यात वाकल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या बाई. त्यांच्या चिमट्यात आमच्या बाप्पाचा हार होता. खरं सांगते, मला आधी राग आला. ज्या निर्माल्याला आपण पाय लागू देत नाही, ते कुणीतरी चिमट्याने उपसतंय! मी जवळजवळ ओढूनच घेतला तो हार. त्या शांतपणे म्हणाल्या, "फुलं चालतील. दोरा प्लास्टिकचा आहे, तो नाही चालणार. आणि ही पिशवीही नाही."

त्या पिशवीबद्दल मला बोलायचंच आहे. मी काही साध्या प्लास्टिकच्या पिशवीत कचरा टाकला नव्हता. हिरवट रंगाची, पानाचं चित्र असलेली, 'कंपोस्ट होते' असं छापलेली पिशवी होती. ती सुपरमार्केटात मिळते आणि साध्या पिशवीपेक्षा महाग असते. चार वर्षं मी ती विकत घेत होते, आपण योग्य तेच करतोय या समाधानात. आणि आता कळलं की आमच्या गावात ती चालत नाही. काही गावांत चालते, काहींत नाही. कारण विचारलं तर ते पटण्यासारखं आहे. अशा पिशवीसाठीचं युरोपीय मानक तिला विरघळायला १२ आठवडे देतं. खत आणि गॅस करणाऱ्या बऱ्याच प्रकल्पांत कचरा तितका वेळ राहतच नाही. शिवाय निवडताना ही पिशवी आणि साधं प्लास्टिक यांतला फरक कळत नाही, म्हणून दिसेल ती पिशवी बाहेर काढतात, तिला चिकटलेल्या सालींसकट, आणि ते सगळं जाळायला जातं. म्हणजे मी जपून वेगळ्या काढलेल्या भाजीच्या देठांचं शेवटी तेच होत होतं! इथे ओला कचरा वेगळा गोळा करणं २०१५ पासून कायद्याने बंधनकारक आहे. दहा वर्षांत एवढं साधं ठरवता येऊ नये? जी वस्तू डब्यात चालत नाही ती दुकानात डब्याच्याच नावाने का विकायची? आणि लाल कार्ड मात्र आमच्या माथी. हा राग माझा अजून गेलेला नाही.

त्या दुपारी मी नवऱ्याला तावातावाने ऐकवलं. आम्हाला कोण शिकवणार? आमच्या पुण्याच्या घरात दुधाच्या पिशव्या धुऊन तारेवर वाळायच्या. रद्दी महिन्याला तोलून जायची, काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे भंगारवाल्याकडे. आईच्या साड्यांच्या गोधड्या झाल्या, उरलेले कपडे बोहारणीला देऊन घेतलेलं पातेलं मी इथे घेऊन आलेय. इथे लोक दह्याच्या डबीचं अॅल्युमिनियमचं झाकण सोलून वेगळं करतात, मगच ती पॅकिंगच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकतात. शिस्त खरी आहे. पण आठवड्याला आठ डब्या आणतात त्याचं काय? आपण दही घरी विरजतो, डबी उरतच नाही. घरं, दुकानं, कचेऱ्या मिळून वर्षाला माणशी सुमारे ६०० किलो कचरा करणारा देश आहे हा. शिवाय प्लास्टिकचा बराच कचरा परदेशी पाठवतो.

नवऱ्याने एवढंच विचारलं, "आणि पुण्यात ओला कचरा कोण निवडायचं?"

मी रात्री आईला फोन लावला, तक्रार करायलाच. हाराचं सांगितलं. आई म्हणाली, "अगं, आपल्या ताई पण हेच सांगतात. हाराचा दोरा कापून, फुलं सुटी करून द्या म्हणतात. तू इथे होतीस तेव्हाही मीच कापत होते."

मला आठवेना. गणपतीनंतरच्या सकाळी आई कात्री घेऊन बसलेली मला अजिबात आठवत नाही. सकाळी शिट्टी वाजायची, मी बादली दाराबाहेर ठेवायचे, रिकामी आत घ्यायचे. मध्ये काय व्हायचं? 'स्वच्छ'च्या ताई खाली ढकलगाडीजवळ बसून आमच्या सोसायटीचा कचरा हातांनी वेगळा करायच्या. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, त्यातूनच पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करू लागली. हे मला माहीत होतं, त्याचा अभिमानही होता, इथल्या मैत्रिणींना मी कौतुकाने सांगितलंही आहे. पण सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढं सांगायलासुद्धा त्या बायांनाच मोहीम काढावी लागली. विसर्जनाच्या दिवशी घाटावर उभं राहून निर्माल्य गोळा करणाऱ्याही त्याच. त्यांच्या हातात आमचा हार गेला तेव्हा मला कधी राग आला नव्हता, कारण मी तिथे नव्हतेच.

माझं रद्दीचं आणि बोहारणीचं बोलणं चूक नव्हतं. ते खरंच होतं, आहे. पण ज्याचे पैसे येतात किंवा भांडं येतं ते आपण निवडत होतो. ज्याचा वास येतो ते नाही.

दुसऱ्या दिवशी मी हातमोजे घेऊन खाली गेले. आजी होत्याच. आमच्या दोघींचं तासभराचं काम झालं. त्यांनी मला वर्तमानपत्राची पिशवी घडी घालून करायला शिकवली: दोन पानं, कोपरे आत, वरची कड बाहेर मोडायची. मी म्हटलं, आमच्याकडे किराणा अशाच पुड्यांत बांधून मिळायचा. आता रोज रात्री लेक अशी एक घडी घालून ओट्यावरच्या लहान डब्यात बसवते. चहाचा चोथा चांगला निथळला की कागद फाटत नाही. कढीपत्त्याच्या काड्या, कोथिंबिरीची देठं, सगळं त्यात. दुकानातली पावती मात्र रद्दीत टाकायची नाही, तो कागद वेगळा असतो. हे आम्हाला पाचव्या वर्षी कळलं.

पुढच्या फेरीला डबा रिकामा झाला.

दसऱ्याचं तोरण मी सुती दोऱ्यात ओवलं. एक आजींच्या दारासाठीही केलं. त्यांनी ते लावलं, जिना झाडायच्या पाळीच्या पाटीशेजारीच. चार दिवसांनी वर आल्या. फुलं सुकली होती, पण त्यांनी तोरण काढलं नव्हतं. "याचा तुमच्याकडे काही नियम असेल," त्या म्हणाल्या. "कोणत्या दिवशी काढायचं?"

मी आईला फोन लावला.