गप्प बसायचे पैसे

न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये वाजवणं चालू असताना बोलायचं नाही. कुजबुजसुद्धा नाही. फोन बंद, फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, आणि तिकीट काढलेलं असलं तरी माणशी एक पेय घ्यावंच लागतं. हे सगळं दादाला फोनवर सांगितलं, तर तो कोल्हापुरातून म्हणाला, "म्हणजे गप बसायला पैसे मोजलास व्हय रे?"

मोजले. आणि त्यावरून माझं डोकं अजून पुरतं थंड झालेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर एक लाल दार आहे. आत शिरलं की सरळ तळघरात उतरणारा अरुंद जिना, आणि खाली कलिंगडाच्या फोडीसारखी निमुळती होत गेलेली खोली. टोकाला स्टेज. माणसं मावतात 123. मॅक्स गॉर्डन नावाच्या, लहानपणी पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेल्या गृहस्थांचा हा क्लब 1935 पासून याच तळघरात आहे. आधी इथे कवी कविता म्हणायचे, जॅझने नंतर बस्तान बसवलं. 1989 मध्ये गॉर्डन गेल्यावर त्यांच्या पत्नी लॉरेन यांनी क्लब चालवला, 2018 मध्ये त्याही गेल्या, आता मुलगी बघते. नूतनीकरणाचा किडा कुणाला चावलेला नाही, हे त्या घराण्याचं मोठेपण.

खुर्च्यांना नंबर नाहीत. जो आधी रांगेत, तो पुढे. मी जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने लवकर पोचलो होतो, त्यामुळे सॅक्सोफोनवाल्याचे बूट आणि माझं टेबल यांच्यात जेमतेम हातभर अंतर राहिलं.

सोमवार होता. सोमवार म्हणजे व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा. ट्रम्पेटवाले थॅड जोन्स आणि ड्रमवाले मेल लुईस यांनी 1966 च्या फेब्रुवारीत स्टुडिओत पोटापाण्यासाठी वाजवणारी मंडळी गोळा केली आणि सोमवारी रात्री, धंदा थंड असतो त्या दिवशी, इथे वाजवायला सुरुवात केली. दोघेही आता नाहीत, करोनात दार बंद होतं तो काळ सोडला तर सोमवार मात्र चालूच आहे. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रोंबोन, पियानो, बास, ड्रम. सोळा माणसं, त्या एवढ्याशा स्टेजवर! पहिला सूर सगळ्यांनी मिळून लावला तेव्हा तो कानाआधी छातीला लागला.

आणि अशा वेळी मी गप्प बसायचं?

इथे माझा आक्षेप नीट ऐकून घ्या. आपल्याकडे समेवर मान हलली नाही, तोंडातून "वा!" गेलं नाही, तर गाणाऱ्याला वाटेल समोरचे झोपलेत. दाद ही काही गडबड नव्हे, ती मैफिलीचा भाग आहे. इथे सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, संपला की टाळ्या वाजवायला मुभा आहे, बाकी वेळ हाताची घडी घालून बसा. शेजारच्या टेबलावर एक बाई ग्लासातला बर्फसुद्धा जपून हलवत होत्या. मला वाटलं, सासरच्या माणसांसमोर नवी सून बसेल तितकं अवघडून संगीत ऐकायचं तरी कशाला?

बरं, ही यांची जुनी परंपरा म्हणावी तर तेही नाही. पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रिकुटाचं 25 जून 1961 चं, याच खोलीतलं रेकॉर्डिंग जगभर पूजलं जातं. लावून बघा. पियानोच्या मागे ग्लास वाजतायत, लोक बोलतायत, कुणीतरी हसतंय. तो रविवार होता आणि त्या गिऱ्हाइकांना कल्पनाही नव्हती की बासवर बोटं फिरवणारा स्कॉट लफारो पुढच्या अकरा दिवसांत मोटार अपघातात जाणार आहे. तो फक्त 25 वर्षांचा होता. म्हणजे ज्या दिवसामुळे ही खोली तीर्थक्षेत्र झाली, त्या दिवशी लोक खुशाल गप्पा मारत होते, आणि नियम आम्हाला!

हे सगळं मनात घोळवत असतानाच माझं लक्ष मागच्या रांगेकडे गेलं. एक ट्रम्पेटवाला सोलोला उभा राहिला होता आणि बाकीचे वाद्य मांडीवर ठेवून त्याला ऐकत होते. नुसते वाट बघत नव्हते, ऐकत होते. एकाने डोळे मिटले होते, एक मान डोलावत होता, आणि एका वळणावर ट्रोंबोनच्या रांगेतून मोठ्याने "येss!" आलं. पियानोवाला हसला. दाद होती तर! फक्त ती द्यायचा हक्क वाजवणाऱ्यांनी आपल्याकडे ठेवला होता. दर सोमवारी शेजारी बसून ऐकलेल्या माणसाचं अजून कौतुक वाटतं, हे काही सोपं नाही. आपल्याकडच्या किती साथीदारांना ते साधतं, यावर मी काही बोलत नाही.

आमच्या कोल्हापूरला कुणी कमी लेखू नये. शाहू महाराजांनी थोर गवई अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी आणलं, आणि गाण्याच्या मैफिलींचा आमचा देवल क्लब या व्हॅनगार्डपेक्षा जुना आहे. दादाचं म्हणणं, "मग इथं असताना तिकडं पाऊल का टाकलं नाहीस?" आता, तेव्हा कॉलेज होतं, मग पुण्यात नोकरी लागली, रात्रीच्या एसट्या... शिवाय दादा स्वतः तरी कुठे जातो?

आणि मी काही परक्यांच्याच दारात गेलेलो नाही. 1961 च्या नोव्हेंबरात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने याच स्टेजवर ‘इंडिया’ नावाची चीज वाजवली आहे. पंडित रविशंकरांवर त्याची इतकी भक्ती की 1965 मध्ये मुलगा झाला तर नाव ठेवलं रवी. तो रवी कोल्ट्रेनही आज नावाजलेला सॅक्सोफोनवादक आहे. दादाला हे सांगितलं, तर त्याचा सूर जरा उतरला. पुढच्या वर्षी तो येतोय.

त्याला सांगून ठेवलंय: सोमवार धरून ये, रांगेत लवकर उभं राहायचं, तोंडात आलेलं "नाद खुळा" सोलो संपेपर्यंत गिळायचं, आणि घरून पोटभर जेवून निघायचं. तिथे किचन आहे, पण त्यात स्वयंपाक होत नाही, वादक बसतात.