शेवटचं शून्य

अकरा वर्षं मी अमेरिकेत अकाउंटंट होते. सदतिसाव्या वर्षी नर्सिंगकडे वळायचं ठरवलं तेव्हा अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएनची, म्हणजे नर्सिंगच्या पदवीच्या जलद कोर्सची, माहिती मिळाली. एक पदवी हातात असेल तर चार वर्षांचं शिक्षण साधारण ११ ते १८ महिन्यांत पूर्ण होतं. माझा कोर्स १५ महिन्यांचा होता.

पण त्या १५ महिन्यांच्या आधीचं कुणी फारसं बोलत नाही. माझं बी.कॉम. असल्यामुळे अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, प्रवेशाआधी लागणारं सगळंच बाकी होतं. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गात ते करता करता दीड वर्ष गेलं. शिवाय पहिली पदवी झालेल्यांना पेल ग्रँट (सरकारची शिक्षणासाठीची मदत) मिळत नाही, आणि कोर्स सुरू झाल्यावर नोकरी जमत नाही. आम्ही नवरा-बायकोने वर्षभराहून जास्त घरखर्च बाजूला टाकला, मगच मी राजीनामा दिला. जे या वाटेला निघालेत त्यांनी हे आधी पक्कं करावं, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

औषधांच्या हिशेबाच्या पेपरात ९० टक्क्यांच्या खाली नापास. मला वाटलं, आकडे तर माझेच! पहिल्याच पेपरात गुण गेले. उत्तर बरोबर होतं, पण मी '५.० मिलिग्रॅम' लिहिलं होतं. अकाउंटिंगमध्ये दशांशापुढची शून्यं लिहायचीच, हाताला तेच वळण. इथे टिंब पुसट झालं तर ५ चे ५० होतात, म्हणून शेवटचं शून्य लिहायचंच नाही. उलट '०.५' मधलं आधीचं शून्य कधी गाळायचं नाही, नाहीतर तेच ५ वाचलं जातं. बाईंनी त्या शून्याभोवती लाल गोल करून बाजूला फक्त 'दहापट' लिहिलं होतं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणाला, पहाटे साडेपाचला घर सोडायचं. दुसऱ्या सत्रात एका आजोबांना डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची गोळी द्यायची होती. ती देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. मोठ्या माणसात ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. मी मोजले, ५६ आले. बाई शेजारी उभ्या, काही बोलेनात. मी पुन्हा मोजले. ५४. आजोबांनी विचारलं, "सगळं ठीक ना?" मी त्यांचा हात धरून सांगितलं, की ठोके जरा हळू पडताहेत, म्हणून गोळी आत्ता देत नाही, आधी डॉक्टरांना विचारते. पाकीट न फोडता परत नेताना माझे हात थरथरत होते. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "दुसऱ्यांदा मोजलंस, ते बरं केलंस."

आमच्या गटात एक शाळेतली शिक्षिका होती आणि एक लष्करातून निवृत्त झालेला. दर रविवारी शिक्षिका आम्हाला फळ्यापाशी उभं करायची: चार पेशंट आहेत, आधी कुणाकडे जाल आणि का? हे मला सगळ्यात जड गेलं. सगळे कागद हाती आल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, ही माझी जुनी सवय. इथे श्वास कुणाचा अडतोय ते बघून लगेच निघायचं.

एनक्लेक्समध्ये, म्हणजे नर्सच्या परवान्याच्या परीक्षेत, किमान ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न येतात. माझी परीक्षा ८५ प्रश्नांवर थांबली. दोन दिवसांनी निकाल लागला, पास! पहिला फोन शिक्षिकेला केला. तिची परीक्षा पुढच्या मंगळवारी होती, म्हणून तासभर आम्ही चार-चार पेशंटच घेत बसलो.